उंबराचे फूल आणि मुरारचे ब्रह्मकमळ

मुरार नकाशावर शोधायचे तर आधी ग्वाल्हेरवर बोट ठेवावे आणि ते जरासे पूर्वेकडे सरकवावे. जुने ग्वाल्हेर, लष्कर आणि मुरार अशी या शहराची तीन अंगे. किल्ल्याच्या पायथ्याचे ग्वाल्हेर फार प्राचीन. बाकीची दोन्ही मात्र फौजांच्या तळांतून वाढलेली. 'लष्कर' हे नावच ते सांगते. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला पडली आणि पुढे ती उठलीच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले, वाड्यांभोवती पेठा आल्या.

मुरारची जन्मकथा थोडी निराळी आहे. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार अशा दोन रणांगणांवर एकाच दिवशी शिंद्यांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. पुढच्या वर्षी तह झाला आणि मुरार नदीकाठच्या एका लहानशा खेड्यापाशी 'ग्वाल्हेर कंटिंजंट' या इंग्रज अंमलदारांच्या हाताखालच्या फौजेची छावणी वसली. १४ जून १८५७ रोजी हीच फौज बंड करून उठली. १६ जून १८५८ रोजी सर ह्यू रोजने मुरार जिंकले आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांतच ग्वाल्हेरपाशी राणी लक्ष्मीबाईंना वीरमरण आले. ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी १८८६ साली जयाजीराव शिंद्यांना परत मिळाली. बदल्यात झाशी इंग्रजांकडे गेली. मग कारकून, शिक्षक, शिलेदार, वैद्य, भिक्षुक अशी मराठी माणसे मुरारमध्येही बिऱ्हाडे थाटू लागली. आमचे पणजोबा त्यांतलेच एक. चार वर्षे नोकरी करून देशावर परत जायचे, असे ठरवून आले होते म्हणतात. त्यांची पाचवी पिढी आज मुरारमध्ये आहे.

सीमाभागातल्या वाचकांना ही स्थिती वेगळी समजावून सांगायला नको. तुमच्याकडे सीमा गावाजवळून गेली. आम्ही सीमा ओलांडून फार पुढे येऊन राहिलो. पण घरात एक भाषा आणि दारात दुसरी, हा दोघांचाही रोजचा अनुभव. अशा घरांत वस्तूंची नावे कशी ठरतात, कोणते नाव टिकते आणि कोणते पुसले जाते, हा मला नेहमी कुतूहलाचा विषय वाटत आला आहे. या लेखापुरता मी एकाच नावाचा माग काढणार आहे. ते नाव म्हणजे ब्रह्मकमळ.

आमच्या घरी हे झाड १९८४ साली आले. आत्या पुण्याहून झेलम एक्सप्रेसने माहेरपणाला आली, तेव्हा तिच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली दोन लांबट पाने होती. "वहिनी, कुंडीत नुसती खोचून ठेव. ब्रह्मकमळ आहे," एवढेच ती आईला म्हणाली. दोन्ही पाने लागली. पहिले फूल मात्र तीन वर्षांनी, १९८७च्या श्रावणात आले. त्या रात्री गल्लीतली बारा-पंधरा माणसे आमच्या अंगणात बसली होती. आईने कुंडीपुढे निरांजन लावले, सगळ्यांना मसाल्याचे दूध दिले. तेव्हापासून गल्लीत हा पायंडाच पडला. कळीने मान वर केली, की दुपारीच निरोप फिरतो: "आज काकी के यहाँ फूल खिलेगा."

पुण्यात किंवा बेळगावात हे झाड सज्जातल्या कुंडीत सुखाने वाढते. मुरारमध्ये त्याचे तसे नाही. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तापलेली लू दिवसभर वाहते. आणि जानेवारीच्या पहाटे तोच पारा दोन-तीन अंशांवर येतो. या झाडाला दोन्ही सोसत नाही. त्यामुळे एप्रिल लागला, की कुंडी उत्तरेच्या पडवीत जाते. तिथे वाळ्याची ताटी असते (घरात आम्ही तिला खसचीच म्हणतो). सकाळी आणि संध्याकाळी ताटीवर पाणी मारायचे, म्हणजे झाडालाही गारवा मिळतो. पहिला पाऊस पडला, की कुंडी अंगणात येते. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारी सावली, असा कोपरा तिला लागतो. दिवाळीनंतर पाणी कमी करायचे आणि थंडी वाढली, की ती रात्री घरात घ्यायची. मातीत पालापाचोळ्याचे कुजलेले खत, थोडे शेणखत, जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे घालावेत; पाणी साचून राहिले तर मुळे कुजतात. कुंडी फार मोठीही घेऊ नये. मुळे जरा दाटीत असली, की झाड फुलावर लवकर येते. एवढे सगळे वर्षभर करायचे, ते एका रात्रीच्या फुलासाठी!

आता झाडाची ओळख करून घेऊ. पहिली गंमत अशी, की ज्यांना आपण पाने म्हणतो ती पाने नव्हेतच. ते चपटे झालेले खोड आहे. या झाडाला पाने अशी नाहीतच, कारण ते निवडुंगाच्या कुळातले आहे. खोडाच्या नागमोडी कडेला ज्या खाचा असतात, तिथूनच नवी फांदी किंवा कळी फुटते. 'पानातून फूल आले' असे आपल्याला वाटते, त्याचे रहस्य हे. त्याच्या शास्त्रीय नावातही हाच समज गोठलेला आहे. 'एपिफायलम' म्हणजे 'पानावरचे'. हॉवर्थ या इंग्रज वनस्पतिज्ञाने १८१२ साली ते नाव या वंशाला दिले. आपल्या ब्रह्मकमळाचे पहिले शास्त्रीय वर्णन ऑगस्टिन पिराम द काँदोल या जिनिव्हाच्या वनस्पतिज्ञाने १८२८ साली केले. त्याने त्याला 'सेरियस' या वंशात घातले होते; पुढच्याच वर्षी हॉवर्थने ते 'एपिफायलम' वंशात आणले. 'ऑक्सिपेटॅलम', म्हणजे टोकदार पाकळ्यांचे, हे विशेषण तेवढे कायम राहिले.

हे झाड मूळचे दक्षिण मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या बाजूचे. निवडुंग म्हटले, की आपल्याला वाळवंट आठवते. पण हा निवडुंग दमट जंगलात मोठ्या वृक्षांच्या खांद्यांवर, ढोलीतल्या पालापाचोळ्यात वाढतो. म्हणून त्याला थेट ऊन नको, पण ओल हवी. फूल रात्री का फुलते, याचेही उत्तर त्या जंगलात आहे. ज्यांची सोंड लांबच लांब असते असे मोठे पतंग रात्री अशा फुलांवर येतात. त्यांना अंधारात दिसावे म्हणून रंग पांढरा, दुरून कळावे म्हणून सुगंध आणि मधासाठी वीतभर लांबीची नळी. कळी दिसू लागल्यापासून तीन-चार आठवड्यांत फूल तयार होते. आधी ती खाली लोंबते, मग तिचा देठ हंसाच्या मानेसारखा वळतो. रात्री आठ-नऊच्या सुमारास पाकळ्या सैल होतात, मध्यरात्री फूल पूर्ण उमलते आणि उजाडायच्या आत मान टाकते. कळीपासून निर्माल्यापर्यंतचा सगळा प्रवास डोळ्यांदेखत होतो, म्हणूनच ते पाहायला माणसे जमतात.

तर मग मेक्सिकोतल्या निवडुंगाला ब्रह्मदेव कोठून भेटला?

हा प्रश्न आमच्या अंगणात पहिल्यांदा विचारला तो एका सुभेदारसाहेबांनी. मुरारमध्ये आजही लष्कराची छावणी आहे आणि निवृत्तीनंतर इथेच घर बांधणारे पहाडी लोकही बरेच आहेत. हे गृहस्थ चमोलीकडचे. फूल पाहून ते फार खूश झाले, दूध प्यायले आणि निघताना अदबीने म्हणाले, "भाभीजी, फूल बहुत सुंदर है. पर यह ब्रह्मकमल नहीं है. ब्रह्मकमल तो हमारे पहाड़ में होता है."

त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. हिमालयात, साडेतीन-चार हजार मीटरांच्या वर, झाडांची हद्द संपल्यानंतरच्या खडकाळ उतारांवर एक वनस्पती वाढते. तिचे शास्त्रीय नाव 'सॉस्युरिया ऑब्व्हलाटा'. ती सूर्यफुलाच्या कुळातली. तिची खरी फुले जांभळी आणि बारीक. ती दाटीने एकत्र बसलेली असतात आणि त्यांच्याभोवती फिकट पिवळसर, कागदासारख्या पातळ पानांची ओंजळ असते. दुरून ते कमळच भासते. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, ते फुलते. केदारनाथला ते वाहतात. ९ नोव्हेंबर २००० रोजी उत्तराखंड राज्य झाले आणि पुढे हेच ब्रह्मकमळ त्या राज्याचे राज्यपुष्प ठरले. देवासाठी आणि औषधासाठी ते इतके खुडले जाते, की कित्येक उतारांवर ते विरळ झाले आहे. योगायोग पाहा. या हिमालयी वनस्पतीचेही पहिले शास्त्रीय वर्णन केले ते त्याच द काँदोलने! मेक्सिकोतले फूल आणि गढवालचे फूल, दोन्ही त्याच्या एकाच मोठ्या ग्रंथमालेत वेगवेगळ्या खंडांत येऊन बसली आहेत. पुढे भारतात दोघांना एकच नाव मिळणार आहे, हे त्याला कळायचे काहीच कारण नव्हते.

म्हणजे आपल्या कुंडीतले ब्रह्मकमळ खोटे ठरले काय? वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्या दोघांचा काडीचाही संबंध नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण नावाच्या इतिहासात शिरले, की गोष्ट इतक्या लवकर मिटत नाही.

या दिवाळीत आपण दाराला जे तोरण लावले असेल, त्यातला झेंडू घ्या. दसऱ्याला ज्याच्यावाचून आपले पान हलत नाही, तो झेंडू मेक्सिकोचा. गजऱ्यातला निशिगंध मेक्सिकोचा. देवळाच्या आवारातला पांढरा देवचाफा मध्य अमेरिकेकडचा. सीताफळ आणि रामफळ तर नावानेच रामायणात जाऊन बसली आहेत. तीही दोघे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आलेली. पोर्तुगिजांची गलबते पश्चिम किनाऱ्याला लागल्यानंतरच्या शतकांत ही सारी मंडळी आपल्याकडे रुळली. आपल्या लोकांनी त्यांना परकी नावांनी हाक मारली नाही. ज्याच्या त्याच्या गुणाप्रमाणे घरातलेच एखादे नाव त्यांना दिले आणि पूजेच्या तबकात जागा दिली. सीताफळाला कोणी दाखला मागत नाही.

ब्रह्मकमळाचे तसेच झाले. विष्णूच्या नाभीतून निघालेले आणि ब्रह्मदेवाला आसन झालेले कमळ आपल्या कल्पनेत कितीतरी शतके फुललेले होते. द्रौपदीसाठी भीम ज्या सौगंधिक फुलांच्या शोधात गेला, त्यांची कथा वनपर्वात आहेच. कोठेतरी दूर, सहज न दिसणारे, दिव्य गंधाचे एक फूल आहे, ही जाण आधीपासून होती. फक्त घरात आणून ठेवता येईल असे फूल नव्हते. मग एका रात्री कुंडीत वीतभर रुंदीचे, शुभ्र, गंधाने अंगण भरणारे फूल उमलले आणि सकाळी नाहीसे झाले. माणसांनी त्याला ते नाव दिले. ज्यांना बदरीकेदारची यात्रा आयुष्यात घडणार नव्हती, त्या बायकांनी ते दिले असेल, असे मला आपले वाटते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की बेळगावच्या मराठी घरात हे ब्रह्मकमळ आहे आणि शेजारच्या कन्नड घरातही ते ब्रह्मकमलच आहे. तेलुगू घरातही तेच. इतर कितीतरी गोष्टींवर वाद घालणाऱ्या आपल्या भाषांनी या नावावर मात्र कधी तंटा केला नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडले, असेही नाही. केरळात याला निशागंधी म्हणतात. श्रीलंकेत ते कडुपुल आहे. जावा बेटावर त्याला विजयकुसुम म्हणतात. मुळात ते नाव तिथल्या राजघराण्यांच्या दंतकथांतल्या एका निराळ्याच झाडाचे, पण या पाहुण्यालाही ते मिळाले. जपानी लोक त्याला 'चांदण्यातली सुंदरी' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

सर्वांत नवलाचे नाव चिनी लोकांचे आहे. ते याला 'थान-ह्वा' म्हणतात. 'ह्वा' म्हणजे फूल. आणि 'थान' हे कशाचे रूप? आपल्या 'उदुंबर' या शब्दाचे! बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा उदुंबर हा संस्कृत शब्दही उच्चारासकट तिकडे गेला आणि झिजत झिजत त्याचे एवढेच रूप उरले. उदुंबर म्हणजे आपला औदुंबर, उंबर. उंबराची फुले फळाच्या आत दडलेली असतात, बाहेरून कोणाला दिसत नाहीत. म्हणून बौद्ध ग्रंथांत बुद्धाच्या दुर्लभ दर्शनाला उदुंबराच्या फुलाची उपमा दिली आहे. 'सद्धर्मपुंडरीक' या ग्रंथातही ती येते. त्यावरूनच चिनी भाषेत क्षणभर दिसून नाहीशा होणाऱ्या गोष्टीसाठी थान-ह्वाची म्हण रूढ झाली. पुढे मेक्सिकोचा हा निवडुंग तिथे पोहोचला आणि लोकांनी ते थांबलेले नाव त्याला देऊन टाकले.

बऱ्याच दिवसांनी कोणी घरी आले, की आपण मराठीत काय म्हणतो? "काय हो, अगदी उंबराचे फूल झालात!" माझी आजी हे वाक्य दर उन्हाळ्यात आत्याला ऐकवायची. पुण्याहून ब्रह्मकमळाची पाने घेऊन आलेल्या त्याच आत्याला. एकाच झाडाला चीनमध्ये उंबराचे फूल म्हणतात आणि इकडे ब्रह्मदेवाचे कमळ, आणि ही दोन्ही नावे आपल्याच मुलखातून निघालेली, हे कळले तेव्हा मला त्या सुभेदारसाहेबांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. नाव झाडाबरोबर आले नव्हते. ते माणसांकडे आधीच होते. झाड कुठले, हे त्या नावावरून कळणार नाही. माणसे कशाची वाट पाहत होती, एवढे मात्र त्यावरून कळते.

या नावाबरोबर काही भाबड्या समजुतीही आल्या. हे फूल बारा वर्षांतून एकदा येते, ज्याच्या घरी येते त्याची भरभराट होते, पाहताना मनात धरलेली इच्छा पुरी होते, वगैरे. इच्छेचे ज्याचे त्याने पाहावे. बारा वर्षांचे मात्र खरे नाही. झाड वयात आले आणि त्याची निगा नीट राखली, तर एकाच पावसाळ्यात दोन-तीन वेळा बहर येतो. आमच्याकडे एका रात्री अकरा फुले उमललेली आहेत. बारा वर्षांची खरी मानकरी म्हणजे दक्षिणेकडची नीलकुरिंजी. २००६ साली फुलली, नंतर २०१८ साली. आपल्या सह्याद्रीतली कारवीही सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी टाकून वाळून जाते. त्यांच्या तुलनेत ब्रह्मकमळ दुर्मीळ नाही. त्याची दुर्मिळता वर्षांची नाही, तासांची आहे. ते येते नेहमी, पण जागे राहील त्यालाच दिसते.

शास्त्राने सांगितलेली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे या झाडाला फळ क्वचितच धरते. मेक्सिकोतले त्याचे पतंग इथे नाहीत आणि घरोघरची झाडे एकमेकांचीच छाटकलमे असल्यामुळे त्यांच्यात परागसिंचन झाले तरी ते सहसा फळाला जात नाही. म्हणजे बी नाही. वाऱ्यावर उडून, पक्ष्याच्या पोटातून किंवा ओढ्याच्या पाण्यातून हे झाड पसरत नाही. भारतात ते जिथे जिथे आहे, तिथे ते कोणीतरी कोणाला तरी पान काढून दिले म्हणून आहे. सासरी निघालेल्या मुलीला दिले, बदली झालेल्या शेजाऱ्याला दिले, आत्याने वहिनीला दिले. ज्या घराने पान कोणाला दिले नाही, त्या घरची कुंडी सुकली की तिथला वंश संपला.

हे आमच्या घरी प्रत्यक्ष घडले. वीसेक वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीत आम्ही सारे लग्नाला इंदूरला गेलो होतो. मागे चार रात्री पाला पडला. परत आलो तर १९८४चे ते झाड शिजवलेल्या भाजीसारखे काळे पडून लोंबत होते. आई दोन दिवस त्या कोपऱ्याकडे फिरकली नाही. होळीच्या सुमारास समोरच्या घरातल्या चाची एक कुंडी घेऊन आल्या. आईनेच त्यांना कधीकाळी दिलेल्या पानापासून वाढलेले झाड होते ते. त्यांनी ते थंडीभर स्वयंपाकघरात चुलीजवळ ठेवले होते. म्हणाल्या, "लीजिए, आपका मराठी फूल." त्यांच्या घरात त्या झाडाचे नाव ब्रह्मकमळही नव्हते आणि दुसरे काही नव्हते. ते 'मराठी फूल' होते. आमचे झाड आम्हाला हिंदी घरातून परत मिळाले. आज आमच्या अंगणात आहे ते तेच.

मुरारमधल्या मराठीचा विचार मी करू लागतो तेव्हा हा प्रसंग आठवल्याशिवाय राहत नाही. लहानपणी आमच्या गल्लीत मराठी घरे हाताच्या बोटांवर मोजता येणार नाहीत इतकी होती. आता तीन आहेत. वाडे विकले गेले, मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशी गेली. इथे राहिलेल्या घरांतली नातवंडे आजीशी मराठीत सुरुवात करतात आणि तिसऱ्या वाक्याला हिंदीत उतरतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आम्ही पेढे वाटले. आनंद झालाच. पण आमच्यासारख्या घरांत मराठी पुढच्या पिढीपर्यंत आपोआप जाईल असे वारे नाहीत आणि पाखरेही नाहीत. इथे ती छाटकलमाचीच भाषा आहे. हाताने द्यावी लागते.

आणि ती दुसऱ्याच्या अंगणात वाढली, तर वाईट वाटून घेण्याचेही कारण नाही. याच ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरला १९१७ साली गजानन माधव मुक्तिबोध जन्मले. घर मराठी, पण ते हिंदीचे थोर कवी झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत कवी आणि समीक्षक म्हणून मान्यता पावले. १९७९चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. एकाच घरातली दोन पाने दोन कुंड्यांत लागली आणि दोन्ही फुलली. तुमच्या बाजूला धारवाडचे द. रा. बेंद्रे. घरची भाषा मराठी, आणि १९७३चे ज्ञानपीठ कन्नड काव्याला. आपल्या भाषेचे काही परक्या अंगणात गेले, की ते आपल्याला गमावल्यासारखे वाटते. पण पाला पडलेल्या वर्षी ते कोणत्या घरातून परत येईल, हे आधी सांगता येत नाही.

उलट, भाषेची राजस फुलेही या कडक हवेत उमललेली आहेत. भा. रा. तांबे यांचा जन्म मुंगावलीचा, आयुष्य मध्य भारतातल्या संस्थानांत गेले, ग्वाल्हेरचे राजकवी झाले आणि १९४१ साली ग्वाल्हेरलाच त्यांनी देह ठेवला. महाराष्ट्रात घरोघर गायल्या जाणाऱ्या गाण्यांचा कवी महाराष्ट्राबाहेरच जगला. त्याच्या मराठीला कोणी कुंडीतली मराठी म्हटले नाही.

सुभेदारसाहेब आता नाहीत. त्या पहिल्या वर्षी त्यांनी शंका काढली, तेव्हा आई शांतपणे म्हणाली होती, "भाईसाहब, आपका पहाड़ में है, हमारा गमले में है. नाम एक ही रहने दीजिए." ते मोठ्याने हसले होते आणि पुढच्याच आठवड्यात एक पान घेऊन गेले होते. त्यांच्या सुनेकडे ते झाड अजून आहे. हिमालयातले ब्रह्मकमळ मात्र हिमालयातच राहू द्यावे, ते खुडून आणू नये, हे त्यांचे म्हणणे मी आता प्रत्येकाला सांगतो. घरात ज्यांना ब्रह्मकमळ हवे असेल, त्यांच्यासाठी कुंडीतले आहेच. त्यासाठी पहाड ओरबाडण्याची गरज नाही.

पान देताना मी काही नियम पाळतो. ते पावसाळ्यात द्यायचे. कापल्यावर दोन-तीन दिवस सावलीत ठेवून कापलेली जागा सुकू द्यायची, मग दोन बोटे खोल खोचायचे. खालची बाजू वर करायची नाही. पहिल्या वर्षी फुलाची आशा धरायची नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. आणि झाड हातभर वाढले, की त्यातले एक पान काढून कोणाला तरी द्यायचेच. ही शेवटची अट मी घालतोच.

सीमाभागातून कोणी ग्वाल्हेर पाहायला आले, तर किल्ला पाहावा, जयविलास पाहावा आणि सवड असली तर मुरारलाही यावे. पान तयार आहे. नाव तुमच्या घरात जे चालते ते ठेवा.